कीबोर्ड माझा, बोलणं त्याचं

उशीर झाला तो वाऱ्यामुळे. आमच्या डेन्मार्कमधल्या थिस्टेडला फियोर्डवरून, म्हणजे खाडीवरून, वारा सुटला की सायकल जागची हलत नाही. नव्या शाळेत कॉम्प्युटरच्या पहिल्या तासाला धापा टाकत शिरले, तर एकच खुर्ची उरलेली... आणि शेजारी एक तांबूस केसांचा मुलगा एकटाच बडबडत होता.

"भिंतीशी बोलतोयस का?" मी हळूच विचारलं.

"भिंत निदान वेळेवर आली. मी माल्थे."

"टिल्डे," मी पुटपुटले.

आमच्या बेंटेबाईंचा नियम होता, जोडीतल्या एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं नुसतं सांगायचं, मग अदलाबदल. मी कीबोर्ड ओढून घेतला तो घेतलाच. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला पळून जावंसं वाटतं. "माझी पाळी कधी?" माल्थेनं एकदा विचारलं. "तू सांगतोस छान," मी म्हटलं. स्वारी इतकी खूश झाली की पुन्हा विचारलंच नाही.

पहिल्या वर्षी आम्ही आकडा ओळखायचा खेळ केला. तो चालायला लागला तेव्हा माल्थे खुर्चीवर उभा राहिला आणि मी टेबलाखाली लपले. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षी केला वारा पाहून फेरीबोट सुटेल की नाही ते सांगणारा प्रोग्राम. त्याचं वाक्य संपायच्या आत माझी ओळ लिहून झालेली असायची. फक्त त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं, की साधा कंस बंद करायचा राहून जायचा.

मग जून आला, आणि माझी झोप उडाली. प्रोग्राम दोघांचा, पण तोंडी परीक्षेत हिरव्या कापडाच्या टेबलापुढे एकेकट्यानं बसायचं. समोर बेंटेबाई आणि बाहेरगावच्या परीक्षक. तोंड उघडलं नाही तर गुण गेले, गुण गेले तर आर्हुसचं विद्यापीठ गेलं. माल्थे मात्र जाणार. त्याच्या शेजारची खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी होणार.

"आज तू सांग, मी लिहितो," आदल्या दिवशी तो म्हणाला. "तू म्हणशील तेच लिहीन."

मी पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले.

"वा, एकही चूक नाही," रिकाम्या पडद्याकडे बघत तो म्हणाला.

"माल्थे, मला भीती वाटते."

त्यानं तेच टाइप केलं. पडद्यावर लाल अक्षरांत चूक दिसली.

"याला नाही कळत," तो म्हणाला. "मला सांग. कशाची?"

"उद्याची. आणि... उद्यानंतरची."

त्याची बोटं कीबोर्डवरून उचलली गेली. मग तो वायर गुंडाळत बसला.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाईंनी विचारलं, "वाऱ्याचा वेग पुन्हा पुन्हा का तपासता?" उत्तर ठाऊक होतं, आवाज नव्हता. शेवटी जे होतं तेच बोलले, "मला फार भीती वाटतेय."

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "वाटू दे. सांग, फेरीबोट का अडते?"

"कारण... वारा बदलत राहतो, एकदाच विचारून भागत नाही," मी म्हणाले. मग एकेक शब्द, मग वाक्यं. गुण तिथेच कळले. पैकीच्या पैकी बारा नाही मिळाले, सात मिळाले. आर्हुसला तेवढे पुरत होते.

बाहेर आई शाळा संपल्याची पांढरी टोपी घेऊन उभी होती. शेवटची परीक्षा झाली की ती घरच्यांनी आपल्या डोक्यावर घालायची, अशी रीत. तिच्यामागे माल्थे, पुढचा नंबर त्याचा. चेहरा पांढराफटक. माझा माल्थे आणि गप्प!

"तू मला आवडतोस," मी म्हटलं, आईदेखत. "पहिल्या वर्षापासून. आता आत जा आणि बोल."

"हे आत्ता सांगतेस?" तो कसाबसा म्हणाला. दार उघडलं, मिटलं.

आईला म्हटलं, टोपी राहू दे जरा. दाराला कान लावला. आत शांतता. माझ्यामुळे त्याची वाचा बसली तर? ती भीती माझ्या परीक्षेच्या भीतीहून मोठी होती. मग एकदाचा त्याचा आवाज आला, अडखळत, नंतर नेहमीसारखा न थांबणारा.

तो बाहेर आला. गुण सांगितलेच नाहीत. "किर्स्टन, मी घालू?" त्यानं आईला विचारलं, आमच्याकडे मोठ्यांनाही नावानंच हाक मारतात. आईनं टोपी त्याच्या हातात दिली. त्यानं ती माझ्या डोक्यावर ठेवली, तिरकी. सरळ करायला गेला, तर आणखी तिरकी झाली.

"भीती वाटतेय?" मी विचारलं.

"खूप," तो म्हणाला. "आर्हुसला कीबोर्ड माझा. आणि रोज तू बोलायचंस... मघाशी बोललीस तसं."