कोऱ्या स्लाइडींचं गिऱ्हाईक

काउंटरपलीकडच्या माणसाने चोवीस स्लाइडींची ऑर्डर दिली. त्यांवर काय लिहायचं, असं सुलक्षणाने विचारलं तर म्हणाला, “काहीच नाही.”

सुलक्षणा परबने ब्रश खाली ठेवला. घाटकोपर स्टेशनसमोर, फरसाणाच्या दुकानाच्या माडीवर, दीड खोलीच्या त्या स्टुडिओत ती चार वर्षं काचेवर रंगकाम करत होती. सिनेमाच्या इंटरव्हलमध्ये पडद्यावर जाहिराती यायच्या, साड्यांचा सेल, चष्म्याचं दुकान, लग्नाचा हॉल... त्यातल्या मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंतच्या निम्म्या तिच्या हातच्या. ‘कृपया शांतता राखा’ तर तिने इतक्यांदा लिहिलं होतं की आई म्हणायची, एक आपल्या घरातही लाव. पण काही न लिहिण्याची ऑर्डर आजवर कुणी दिली नव्हती.

“मग जाहिरात कसली?”

“जाहिरात नाही. नुसते रंग. म्हणजे... एका निळ्यातून दुसऱ्या निळ्यात जायचं. हळूहळू.”

“किती हळू?”

“बावीस मिनिटं.”

आता तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. अंगाने बारीक, केस वाऱ्याने विंचरल्यासारखे, आणि शर्टाच्या खिशात पेनच्या जागी स्क्रूड्रायव्हर. चष्म्याची एक दांडी टेपच्या तपकिरी फितीने बांधलेली. नाव जयवंत तांडेल, राहणार मढ. अंधेरीला टेपरेकॉर्डर जुळवायच्या कारखान्यात तो नोकरीला होता आणि उरलेल्या वेळात संगीत करायचा. त्या संगीतात गाणं नव्हतं, पेटी नव्हती, तबला तर नव्हताच. होडीचं इंजिन, दोरखंडातून वाहणारा वारा, बंदरावर बर्फ फोडायचं मशीन, असले आवाज तो टेप करायचा, त्यांचा वेग निम्मा करायचा आणि एकावर एक चढवून ऐकवायचा. समोर पडद्यावर रंग बदलत राहायला हवेत, एवढंच त्याचं मागणं होतं.

“याला म्हणतात काय?” तिने विचारलं.

“अजून कुणी काही म्हटलेलं नाही,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “आई म्हणते, बंद कर.”

सुलक्षणाला हसू आलं, आणि ऑर्डर घेतली गेली.

पहिल्याच निळ्यासाठी तो चार वेळा माडी चढला. काच उजेडासमोर धरायचा, डोळे बारीक करायचा, मान तिरकी करायचा आणि काहीतरी पुटपुटायचा.

“छान आहे हो. फक्त जरा... आनंदी झालाय.”

“निळा आनंदी झालाय?”

“थोडासा.”

“मग रडवून देऊ? दोन दिवस लागतील.”

तो लाजला. कानाच्या पाळ्यांपासून लाजणारा पुरुष तिने पहिल्यांदाच पाहिला, आणि मग दर वेळी तो आला की ती आधी कान बघायची. सहाव्या निळ्यापर्यंत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. नवव्या निळ्याला त्याने आईच्या हातचे सुके बोंबील आणून दिले. मालक चंद्रप्रकाशशेठ शाकाहारी होते. ते नाकाला रुमाल लावून म्हणाले की या गिऱ्हाईकाचं काम लवकर संपव, नाहीतर याला नोकरीवर तरी ठेवू.

काम संपलं, पण कार्यक्रमाला जागा मिळेना. बोरिवलीच्या एका वाचनालयाने नमुन्याची टेप ऐकून ती खराब झाली आहे असं कळवलं. अंधेरीच्या एका हॉलवाल्याने पंधरा मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, गाणं कधी सुरू होणार. हे सांगताना जयवंत हसत होता, पण त्या दिवशी त्याने काचा उजेडासमोर धरल्याच नाहीत. तशाच खोक्यात घातल्या आणि जिना उतरून गेला. सुलक्षणाला ते फार लागलं. मग तिने एक गोष्ट केली, जी तिने करायला नको होती.

तिचे वडील दशरथ परब भांडुपच्या कोकणवासी मंडळाचे चिटणीस होते. पूर्वी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपानंतर गिरणी उघडली नाही, तेव्हापासून एका बँकेच्या दारावर वॉचमन. दिवसभर दुसऱ्यांना दार उघडून देणाऱ्या या माणसाला मंडळात मात्र खुर्ची होती, आणि तिला ते जपायचे. वार्षिक स्नेहसंमेलनाला यंदा ऑर्केस्ट्रा परवडत नव्हता. सुलक्षणा म्हणाली, आबा, माझ्या ओळखीचा एक संगीतकार आहे, फुकट करील. आबांनी विचारलं, कसलं संगीत? ती म्हणाली, समुद्राचं. आबांनी आपल्या मनाने त्याचा अर्थ कोळीगीतं असा लावला, आणि तिने तो दुरुस्त केला नाही.

संमेलनाच्या संध्याकाळी म्युनिसिपल शाळेच्या हॉलमध्ये अडीचशे माणसं जमली. बायका गजरे माळून, मुलं नाचायच्या तयारीने. जयवंतने टेपरेकॉर्डरमधून फीत काढून ती स्टेजभर फिरवली होती, माइकच्या दांड्याला वळसा घालून, खुर्चीच्या पाठीवरून परत मशीनमध्ये. तीच फीत गोल गोल फिरत राहणार होती. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या शेवंतीकाकू शेजारणीला म्हणाल्या, कपडे वाळत घालूक दोरी बांधल्यानी वाटता. मागे सुलक्षणा शेठकडून मागून आणलेले दोन जुने प्रोजेक्टर घेऊन बसली होती. एकाच्या भिंगावर पुठ्ठा हळूहळू चढवायचा, दुसऱ्याचा हळूहळू उतरवायचा, की निळ्यात निळा मिसळे.

दिवे गेले. संगीत सुरू झालं.

म्हणजे, सुरू झालं हे फक्त दोघांना कळलं. दोन मिनिटांनी एकजण उठून पंखा तपासून आला. चौथ्या मिनिटाला मंडळाचा इलेक्ट्रिशियन लवू स्पीकरमागे गेला आणि तिथे काहीतरी खटपट करू लागला. त्याला हाताला धरून आणावं लागलं. सातव्या मिनिटाला शेवंतीकाकूंनी मोठ्याने विचारलं, “माइक टेस्टिंग झाला काय? गाणी कधी सुरू होतली?” अंधारातही सुलक्षणाला आबांची मान दिसत होती. ती खाली खाली चालली होती.

घाईत सुलक्षणाने न बघता, प्रोजेक्टरसोबत आलेल्या खोक्यातून पुढची काच काढली, घातली, पुठ्ठा उतरवला, आणि निळ्याशार शांततेतून पडद्यावर तीन फुटी लाल अक्षरं उगवली: ‘खाज, खरूज, नायटा? एकच उपाय, दत्तप्रभा मलम!’

हॉल टाळ्यांनी दणाणला. मागून शिट्ट्या आल्या. कुणीतरी ‘वन्स मोर’ म्हणालं.

सुलक्षणाला वाटलं, प्रोजेक्टरसकट खाली जमिनीत जावं. तिने धीर करून स्टेजकडे पाहिलं. जयवंत एका हाताने फीत सांभाळत, दुसरा हात तोंडावर दाबून, खांदे हलवत हसत होता. इतकं की चष्मा घसरला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो हसला, आणि तिची पंचाईत झाली. या माणसाशिवाय आता आपलं काही खरं नाही, हे तिला तिथेच, मलमाच्या उजेडात कळलं.

तिने काच बदलली. टाळ्या वाजवून मोकळे झालेले लोक आता खरोखरच गप्प बसले. बोटीचं इंजिन निम्म्या वेगाने ठोके देऊ लागलं, जड, एकसारखं, पायाखालून आल्यासारखं. तेव्हा तिसऱ्या रांगेत धोंडूमामा सावरून बसले. त्यांच्या शेजारचेही. आबांनी मान वर केली.

“साचो,” धोंडूमामा हलकेच म्हणाले. “रे दशरथा, साचो चल्ता मरे.”

पुढची दहा मिनिटं त्या रांगांमधलं कुणी हललं नाही. साच्यावरची, कांडीवरची, बायंडिंगमधली, अशी गिरणीच्या खात्याखात्यांतली, चार वर्षांपूर्वी ज्यांच्या कानातून तो आवाज कायमचा गेला होता ती सगळी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिली. बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघत होत्या. जयवंतने टेप थांबवली, दिवे लागले, आणि लगेच भांडण जुंपलं. हा आवाज लोअर परळच्या गिरणीचा की काळाचौकीच्या, जुन्या मागाचा की नव्या, यावर धोंडूमामा आणि आणखी दोघे इतके हातघाईवर आले की पान-सुपारीला उशीर झाला.

आबा स्टेजवर गेले. सुलक्षणा मागोमाग पळाली.

“कुठच्या गिरणीत टेप केलंत?” आबांनी विचारलं.

सुलक्षणाने जयवंतच्या पायावर पाय दिला. कुठल्याही गिरणीचं नाव घे, बाबा, कुठल्याही.

“गिरणी नाही, काका,” जयवंत म्हणाला. “आमच्या रामनाथकाकांची बोट आहे. मढची.”

आबांनी त्या फिरून थांबलेल्या फितीवरून बोट फिरवलं.

“असांदे,” ते म्हणाले. “माका साचोच ऐकाक इलो.”

आणि त्यांनी, चिटणीस या नात्याने, नारळ त्याच्या हातात ठेवला.

त्यानंतर गाडी हलली. मुलुंडच्या एका नाटकमंडळीने बोलावलं, मग अंधेरीच्या चित्रकारांनी. चष्म्याला नवी दांडी आली. लोक कधी झोपायचे, कधी रडायचे, एकदा एक डॉक्टर रक्तदाबाच्या पेशंटांसाठी टेप मागायला आला. दर कार्यक्रमाला प्रोजेक्टरवर सुलक्षणाच. परतताना दोघं जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायची, एक सोडून. ती वाट बघायची. स्टेशनवर लोकलचा बायकांचा डबा समोर आला की तो तोंड उघडायचा... आणि म्हणायचा, तो तेरावा निळा आज मस्त जमला ना.

पुढच्या वर्षी पत्र आलं. अंधेरीच्या कार्यक्रमाला कुणी जर्मन बाई येऊन बसल्या होत्या. त्यांनी हॅम्बुर्गच्या एका छोट्या महोत्सवात त्याचं नाव दिलं होतं. कलाकार आणि एक मदतनीस, दोघांच्या जाण्या-येण्याचा खर्च त्यांच्याकडे. सोबत छापील फॉर्म. जयवंत तो घेऊन दुपारी घाटकोपरच्या माडीवर आला. मदतनीसाच्या रकान्यात त्याने सुलक्षणाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. जन्मतारीखही बरोबर. त्याखालचा रकाना मोकळा होता: कलाकाराशी नातं.

“हे राहिलंय,” ती म्हणाली.

“हो. ते... मी विचार करत होतो. म्हणजे असं की... आपण दोघं इतके दिवस... आणि तू तर जाणतेसच की मी...” तो थांबला. खिडकीबाहेर बस गेली. रिक्षा गेली. आणखी एक बस गेली. शेठनी हिशेबाची वही मिटून उघड उघड कान दिला.

“जयवंत,” सुलक्षणा म्हणाली, “तुझा एकेक सूर मी बावीस मिनिटं ऐकून घेतलाय. हे वाक्य मात्र आजच्या आज संपव.”

कान लाल झाले. मग सगळाच लाल झाला.

“माझ्याशी लग्न करशील?” तो इतक्या भरभर म्हणाला की तिला ते पुन्हा म्हणवून घ्यावं लागलं. खरं तर पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं.

तिने सर्वांत बारीक ब्रश उचलला, मग तो ठेवून पेन घेतलं. रकाना एवढासा. ‘होणारी पत्नी’ त्यात काही केल्या मावेना. पाच वर्षं छोट्या काचांवर मोठ्या जाहिराती बसवलेल्या मुलीला कुठला शब्द गाळायचा ते बरोबर कळत होतं. तिने ‘होणारी’ गाळलं.

जयवंतने वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. “पण हे खोटं आहे, सुलू. असं कसं पाठवायचं?”

फॉर्म पोहोचायची मुदत सहा आठवडे होती. त्याने तो काही केल्या पोस्टात टाकू दिला नाही. तेव्हा सुलक्षणाला त्याच संध्याकाळी घरी जाऊन सांगावं लागलं. आई नलिनी मढची माणसं, मासळी, आणि जावई करतो ते काय, या सगळ्याची चौकशी करता करताच पंचांग काढून बसली. आबांनी मात्र एवढंच विचारलं, वरातीक बँड तरी धड वाजतलो मां?

लग्न सव्विसाव्या दिवशी लागलं. सत्ताविसाव्या दिवशी, हळदीच्या हातांनी, दोघांनी मिळून फॉर्म पोस्टाच्या पेटीत टाकला. पेटीत तो पडल्याचा बारीकसा आवाज झाला. जयवंत तिथेच थांबला, मान तिरकी करून.

“हा टेप करायला हवा होता,” तो म्हणाला.

सुलक्षणाने त्याचा हात धरला आणि त्याला घरी नेलं.