साळूची मोळी

काशीराम वस्तादांना सप्टेंबरमध्ये एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर त्यांनी दिलंच नव्हतं. ही गोष्ट कुणाला कळलीही नसती. पण दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या सकाळी पनवेलच्या एसटी स्टँडसमोर एक मोठं पोस्टर लागलं आणि यूम्ना, मुआज आणि रूपा त्याच्यापुढे मान वर करून उभे राहिले.

‘सौदामिनी : बायकांची कुस्ती. डिसेंबर, खारघर.’ खाली चमचमत्या कपड्यांतल्या पैलवान मुली होत्या आणि प्रत्येकीच्या नावाखाली तिच्या शेवटच्या डावाचं नाव होतं. विळखा. भोवरा. झेप. कातरी.

“आठ आहेत,” अकरा वर्षांचा मुआज म्हणाला. “साळूताई नाहीये.”

“परत मोज,” त्याची मोठी बहीण यूम्ना म्हणाली.

“आपा, परत मोजल्यावर नववी उगवणार आहे का?”

यूम्ना तेरा वर्षांची. बायकांच्या कुस्तीत तिला जितकं कळायचं तितकं शाळेत कुणालाच कळत नव्हतं. तिच्या वहीत एक्केचाळीस शेवटचे डाव लिहिलेले होते. शेवटचा डाव म्हणजे जो लागला की समोरची उठत नाही, पंच तीनपर्यंत मोजतो आणि लढत संपते. एका कंपनीत एकीचा शेवटचा डाव दुसरीने वापरायचा नाही, असा दंडक. मुआजला दोरांवर चढून मारलेली झेप आवडायची. यूम्नाला विळखा आवडायचा, कारण त्यात उडी नाही, आरडाओरडा नाही. हातपाय असे अडकवायचे की समोरचीने स्वतःच हार कबूल करावी.

“झेपेत निदान काहीतरी दिसतं,” मुआज म्हणायचा. “तुझ्या विळख्यात दोघी झोपल्यासारख्या दिसतात.”

“तुला कळायला अजून दोन वर्षं आहेत.”

रूपाला मात्र एकच डाव आवडायचा. मोळी. तिची मोठी बहीण साळू तो मारायची.

साळू एकोणीस वर्षांची. कर्नाळ्याच्या बाजूच्या कातकरी वाडीतली. विश्राळे तळ्याजवळच्या तालमीत पाणी तापवायला ती लाकडाची मोळी आणून टाकायची. एकदा एका पैलवानाने तिची वाट अडवून म्हटलं, “एवढी मोळी उचलतेस, मला उचल की.” साळूने डोक्यावरची मोळी खाली ठेवली, त्याला खांद्यांवर आडवा घेतला, दोन पावलं चालली आणि लाल मातीत टाकला. काशीराम वस्ताद ओट्यावर बसून ते बघत होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “उद्यापासून पाच वाजता येत जा.” मुलगी तालमीत आली म्हणून चार पैलवान तालीम सोडून गेले. वस्तादांनी त्यांच्या पाठी निरोपही धाडला नाही.

पुढे खारघरला ‘सौदामिनी’ कंपनीची निवड-चाचणी झाली. साळू निवडली गेली. सगळं पत्राने कळवू, असं तिला सांगितलं होतं. आणि आता पोस्टरवर तिचं नाव नव्हतं.

रूपा हळूच म्हणाली, “बाबानं सांगितलंय, कुस्तीचं काय जमत नसंल तर दिवाळी झाली का सगळे वीटभट्टीवर. ताईपण. मीपण.”

“भट्टीवर म्हणजे कधीपर्यंत?”

“पावसापर्यंत.”

यूम्नाने वही मिटली. “चला, खारघरला.”

कंपनीचा सराव एका मोठ्या शेडमध्ये चालत असे. सफूरा मॅडम शिकवायच्या. त्या मूळच्या उरणच्या. पंधरा वर्षं स्वतः खेळल्या होत्या आणि आता एक भुवई कायमची थोडी वर असायची. तिघांचं बोलणं त्यांनी घाम पुसत ऐकून घेतलं.

“नाव आम्ही काढलं नाही,” त्या म्हणाल्या. “पत्र पाठवलं, फॉर्म पाठवला. नाव, वय, वजन, शेवटचा डाव कसा मारते त्याची पूर्ण माहिती आणि वस्तादांची सही. उत्तरच नाही. दोनदा फोन केला, तालमीतल्या कुणीतरी ‘बघू’ म्हणून ठेवून दिला.”

“आत्ता भरला तर?”

“कागद पुण्याच्या ऑफिसात जातात. सहीचा मूळ कागद हवा, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. शुक्रवारचा पोस्टाचा शिक्का असला तर घेतील. शनिवारचा असला तर नाही घेणार.”

“आज बुधवार,” मुआज म्हणाला.

“डावाची माहिती लिहायलाच हवी का?” यूम्नाने विचारलं.

“बेटा, तालमीत मातीवर पाडतात, इथे सहा फुटांवरून टाकतात. जिच्यावर डाव पडणार, तिला तो आधी ठाऊक हवा. नाहीतर मान जाते. डाव लिहून दिला नाही तर साळूसमोर कुणीही उभी राहणार नाही. मीसुद्धा नाही.”

बसमध्ये परतताना तिघांनी संशयितांची यादी केली. पोस्टमन, तालीम सोडून गेलेले चार पैलवान आणि मुआजच्या आग्रहाखातर तालमीतली शेळी.

“शेळी कागद खाते,” तो म्हणाला. “मी पाहिलंय.”

पण संध्याकाळी त्यांनी वस्तादांना विचारलं तेव्हा यादीची गरजच उरली नाही.

“पत्र?” वस्ताद म्हणाले. “कसलं पत्र?” आणि त्यांची नजर भिंतीवरच्या मारुतीच्या तसबिरीकडे गेली आणि पटकन परत आली.

“पाहिलंस?” बाहेर आल्यावर यूम्ना पुटपुटली.

“शेळीवरचा आरोप मागे,” मुआज म्हणाला.

गुरुवारी सकाळी रूपाने तालीम झाडायला घेतली. तसबिरीची धूळ पुसायला तिने ती भिंतीपासून थोडी पुढे केली तेव्हा मागून लिफाफा खाली सरकला. तिघांनी तो पायरीवर बसून उघडला आणि ती चक्रावून गेली. फॉर्म भरलेला होता! नाव, वय, वजन, उंची, वाडीचा पत्ता, सगळं वस्तादांच्या ठाशीव अक्षरात. फक्त एक चौकोन रिकामा होता : ‘शेवटचा डाव, सविस्तर.’ तिथे पेन्सिलीने लिहून इतक्यांदा खोडलं होतं की कागद विरळ होऊन पलीकडचं बोट दिसत होतं.

“म्हणजे त्यांना पाठवायचं होतं,” रूपा म्हणाली.

“मग पाठवलं का नाही?”

“कारण आमच्यात डाव लिहीत नाय,” मागून आवाज आला.

वस्ताद दारात उभे होते. तिघं धडपडत उठली. ओरडा बसणार, असं मुआजला वाटलं. पण वस्ताद पायरीवर बसले आणि गुडघे चोळू लागले.

“मी वीस वर्षांचा होतो. जत्रेतली मोठी कुस्ती होती. माझा एक डाव होता, माझ्या वस्तादांनी हाताला धरून शिकवलेला. तो मी जिवलग दोस्ताला बोलून दाखवला. दोस्तानं समोरच्याला सांगितला. डाव टाकायला गेलो आन मीच आडवा. तवापासून मी कुणाला डाव सांगत नाय. दाखवतो. लिहायचा तर सवालच नाय. समोरच्याला ठाऊक झाला का डाव मेला.”

“पण वस्ताद, इथे समोरचीला ठाऊक असावाच लागतो,” यूम्ना म्हणाली.

“तीच तर लुटुपुटूची कुस्ती.”

“लुटुपुटूची?” यूम्नाचे कान लाल झाले. “कोण जिंकणार ते आधी ठरतं, हे मलाही माहितीये. पडणं ठरवून होत नाही. पाठ खरीच आपटते.”

“पोरी, तू वही वाचतेस. मी माती खाल्लीये. मी साळूचा डाव राखतोय.”

“कुणाचा डाव?”

हे साळूने विचारलं होतं. ती केव्हा आली ते कुणाला कळलं नव्हतं. डोक्यावर लाकडाची मोळी होती. ती तिने खाली टाकली नाही, तशीच उभी राहिली. रूपाच्या हातातला फॉर्म तिने पाहिला. मग ती वस्तादांकडे वळली.

“महिनाभर मी इचार करते, माझ्यात काय कमी पडलं,” ती म्हणाली. “झोप नाय लागली मला. आन कागद मारुतीच्या मागं.”

“साळू, तुझ्या भल्यासाठी...”

“तुमी मला पेच शिकवले, दम शिकवला. ते तुमचं, मी नाय कुणाला सांगनार. पन मोळी? मोळी तुमी नाय शिकवली, वस्ताद. सात वर्षांची होते तवापासून वाहते मी. ही तुमच्या डोक्यावर नव्हती कधी. माझा डाव हाय. लिहायचा का नाय, ते मी ठरवीन.”

तालमीत कुणीही वस्तादांशी असं बोललं नव्हतं.

“आन सही?” वस्ताद म्हणाले. “सही माझी लागते. मेलेल्या डावाखाली मी सही नाय करनार.”

यूम्नाच्या डोक्यात काहीतरी चमकलं. “डाव मेलाय की जिवंत आहे, ते बघूया ना. पैज.”

“कसली?”

“उद्या इथे, सगळ्यांसमोर साळूताई तिचा डाव मोठ्याने वाचून दाखवेल. समोरची ऐकेल. मग साळूताई तोच डाव मारेल. नाही लागला तर हा फॉर्म तुम्ही फाडा. लागला तर सही करा.”

वस्ताद हसले. गेल्या चाळीस वर्षांत सांगून मारलेला डाव त्यांनी एकदाही लागताना पाहिला नव्हता. “लावली,” ते म्हणाले. समोरची कोण, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास सफूरा मॅडम रिक्षातून उतरल्या तेव्हा मात्र वस्तादांच्या कपाळावर आठी पडली. “ह्या?”

“तुम्ही नाव विचारलं नव्हतं,” मुआज नम्रपणे म्हणाला.

कुस्तीच्या लाल मातीच्या हौदाभोवती गर्दी झाली. मातीवर जाड गाद्या अंथरल्या होत्या. साळू आठवीपर्यंत शिकलेली. तिने रात्री वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ते ती वाचू लागली.

“समोरचीला कमरेला धरून खांद्यांवर आडवी घ्यायची. दोन पावलं चालायची. मग डाव्या गुडघ्यावर बसून पुढं टाकायची. टाकताना तिची मान माझ्या उजव्या हातात राहील. पाठ टेकेपर्यंत हात सोडायचा नाय. आधी सोडला तर लाकूड पायावर येतं.” ती थांबली. “म्हंजे मोळीचं.”

“समजलं,” सफूरा मॅडम म्हणाल्या.

दोघी एकमेकींना भिडल्या. मॅडमनी तिला दोनदा झटकून दिलं, दुसऱ्यांदा तर चक्क खाली आणलं. रूपाने डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा साळू खाली वाकली आणि मॅडम वर गेल्या. एक पाऊल. दुसरं पाऊल. गुडघा टेकला आणि असा आवाज झाला की तळ्यावरचे बगळे उडाले.

“एक,” मुआज गादीवर हात आपटत ओरडला. “दोन. तीन!”

“थांबा, थांबा,” वस्ताद पुढे आले. “तुमी उडी मारलीत. मी पाहिलं. उचलताना तुमी जमिनीला पाय मारलात.”

“मारलाच,” सफूरा मॅडम पडल्या पडल्या म्हणाल्या. “नसता मारला तर तिची कंबर गेली असती. आणि तिने हात आधी सोडला असता तर माझी मान. वस्ताद, तुमच्याकडे डाव लपवून जिंकतात. आमच्याकडे तो सांगूनच जिवंत राहतो. हात बघा तिचा.”

साळूचा उजवा हात अजून मॅडमच्या मानेखाली होता. वस्तादांनी वाकून तो नीट पाहिला. हात कसा उलटा धरलाय, बोटं कुठे आहेत, सगळं.

“हे मी शिकवलं नव्हतं,” ते हळू आवाजात म्हणाले. मग आवाज चढवून, “पेन कुठंय?”

साळूने रिकामा चौकोन स्वतःच्या हाताने भरला. कागद विरळ होता, म्हणून पेन अलगद टेकवत. वस्तादांनी खाली सही केली. तोवर तीन वाजून गेले होते आणि स्पीड पोस्टची खिडकी चारला बंद व्हायची.

पाचही जण पोस्टात पोचले तेव्हा भाऊबीजेच्या पाकिटांची रांग दारापर्यंत आली होती. यूम्नाने पुढच्या काकूंना विनंती केली, मुआजने पुढच्या काकांना घड्याळ दाखवलं, रूपा नुसतीच केविलवाणं तोंड करून उभी राहिली. आणि तिचाच उपयोग सर्वांत जास्त झाला. चारला सात मिनिटं असताना लिफाफा खिडकीवर पोचला.

“आत काय आहे?” कारकुनाने वजनकाट्याकडे बघत विचारलं.

“कागद हायत,” साळू म्हणाली.

“डाव हाय,” वस्ताद म्हणाले.

“कसला डाव?”

वस्तादांनी रांगेकडे पाहिलं. पंधरा-वीस माणसं ऐकत होती. त्यांनी घसा साफ केला आणि खिडकीसमोर, भर पोस्टात, दोन्ही हात पसरून सांगू लागले, “मोळी म्हनतात त्याला. समोरचीला कमरेला धरायची, खांद्यांवर आडवी घ्यायची. आता हात बघा, उजवा हात मानेखाली असा. ही माझी पोरगी हाय ना, तिचा डाव हाय हा. तिनं सोता काढलेला.” मग तिघांकडे वळून म्हणाले, “आन ही पोरं. मला चितपट केलं यांनी, तेपन मला सांगून.”

“वस्ताद, मागे लोक खोळंबलेत,” कारकून म्हणाला.

“खोळंबू दे की, मलाही कळू दे,” रांगेतून एक काकू म्हणाल्या. “उजवा हात कुठे म्हणालात?”

कारकुनाने मान हलवली, पावती फाडून साळूच्या हातात दिली आणि लिफाफ्यावर शुक्रवारचा शिक्का मारला.