हेडमास्तरांच्या गाडीची रेस

काम साधंच होतं, असं मामा सुरुवातीलाच सांगून टाकतात. गाडीची रेस कमी करून घ्यायची, बस. वीज गेलेली, गच्चीवर सतरंजी पसरलेली आणि भाचरं दोन्ही बाजूंनी मामांना चिकटून बसलेली. मामांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. त्यामुळे ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही. यातल्या हेडमास्तरीणबाई, म्हणजे हेडमास्तरांच्या बायको, त्यांच्याकडेच शिकल्या, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी.

"आणि भूत?" धाकट्या भाचीने विचारलं.

"आधी गाडी गॅरेजात तर जाऊ दे."

मार्चमधला शेवटचा गुरुवार. रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटं. अमावास्या-बिमावास्या काही नाही, चांगलं लख्ख चांदणं. गॅरेज चालवणारी फिटरताई शटर ओढणार, तोच हेडमास्तरीणबाईंची जुनी गाडी डरकाळ्या फोडत दारात आली.

"काकू, एवढ्या रात्री?"

"रेस खालीच येत नाही गं. क्लच सोडला की उडी मारते. काल फाटकाचा खांब पाडला मी."

खांब पडला आणि दोन दिवसांसाठी आलेल्या मुलाला निमित्त मिळालं. "आई, आता पुरे. सकाळी आठला भंगारवाला येईल," एवढं बोलून तो जेवून झोपला होता. गाडी गेली, की बाईंना दवाखान्यात जायचं तरी कुणाच्या तरी सवडीने, कुणाच्या तरी उपकाराने.

"सकाळी त्याच्यासमोर ही शहाण्यासारखी चालली पाहिजे," बाई म्हणाल्या. "गाडीपण आणि मीपण."

ताईने बॉनेट उघडलं. बाईंना स्टुलावर बसवून हातात बॅटरी दिली आणि गॅरेजचा नियम ऐकवला. आत माझा हात असेल तोवर मी हाक मारल्याशिवाय कुणी रेस द्यायची नाही.

"मी तर इथे बसलेय."

"आल्यागेल्या सगळ्यांना सांगते."

कार्बोरेटरच्या स्क्रूचं डोकं पार खाल्लेलं होतं. आधीच्या तिन्ही मेकॅनिकनी स्क्रू पिळून वेळ मारून नेलेली. हवा कुठून शिरतेय ते एकानेही पाहिलं नव्हतं. ताईने हातभर रबरी नळी घेतली. एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनाभोवती हळूहळू फिरवलं. एका पाइपापाशी बारीक सूं सूं आवाज ऐकू आला. क्लिपखाली केसाएवढी चीर. तिने पाइप बदलला, तशी गाडी गुदमरून बंदच पडली, कारण स्क्रू आधीच नको इतका ढिला करून ठेवलेला. तो जागेवर आणला. इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या मीटरचा काटा आठशेवर येऊन बसला. गाडी मांजरासारखी गुरगुरू लागली.

"झालं," ताई म्हणाली आणि फडक्याला हात पुसायला लागली.

काटा हलला.

नऊशे. बाराशे.

तिने नवा पाइप चाचपला. घट्ट होता.

अठराशे.

मग तिचं लक्ष केबलकडे गेलं. ॲक्सिलेटरची केबल. ताठ. आतून कुणी ओढून धरावी तशी...

ताई ड्रायव्हरच्या दाराशी आली. सीट रिकामी. पेडल मात्र खाली गेलेलं.

हेडमास्तर याच सीटवर गेले होते. घराच्या दारात, इंजिन चालू, पाय दाबलेला. तो पाय उचलायला दोन माणसं लागली. आणि जिवंत होते तोवर त्यांनी बायकोला चावीला हात लावू दिला नाही. 'तुला जमायचं नाही.' चाळीस वर्षं तेच एक वाक्य.

इकडे गच्चीवर धाकटीने मामांचा सदरा मुठीत धरला होता.

ताई वाकली. पेडलखाली बोटं घालून तिने ते वर उचललं. थोडं आलं. मग वरून वजन पडलं. सावकाश. बोटं चेंगरेपर्यंत.

तिने हात ओढून घेतला. पळावंसं वाटलं. मग कुठून कोण जाणे, तिला रागच आला.

"सर," ती रिकाम्या सीटला म्हणाली, "माझ्या गॅरेजात माझ्या हाकेशिवाय कुणी रेस देत नाही. तुम्हीसुद्धा."

अडीच हजार. पत्रे थरथरायला लागले. फळीवरचे लोखंडी पाने एकेक करून खाली पडले.

हेडमास्तरीणबाई उठल्या. बॅटरी स्टुलावर ठेवली. पदर खोचला. दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, रिकाम्या सीटकडे बघत.

"अहो."

...

"चाळीस वर्षं शेजारी बसले मी. तोंडातून ब्र काढला नाही."

...

"आता सरका तिकडे."

पेडल हललं नाही. बाईही हलल्या नाहीत.

किती वेळ गेला, ते ताईला आजही सांगता येत नाही. मग स्प्रिंग करकरली. गाडीची एक बाजू जराशी उचलली गेली... आणि दुसरी तेवढीच दबली. पेडल वर आलं. काटा उतरत उतरत आठशेवर थांबला.

बाई आत बसल्या, आरसा नीट केला. "किती झाले गं तुझे?"

"उद्या बघू काकू. आधी घरी पोचा."

उडी नाही, गचका नाही. गाडी चांदण्यात अशी गेली, जणू रस्ता बाईंच्या नावावरच होता. सकाळी आठला मुलगा आणि भंगारवाला मोकळ्या अंगणात एकमेकांचं तोंड बघत उभे होते. बाई गाडी घेऊन भाजी आणायला गेल्या होत्या. परतल्या त्या मुलाच्या डोळ्यांदेखत गाडी अलगद अंगणात घेऊनच. पुन्हा विकायचा विषय निघाला नाही.

"मग ते... गेले?" भाच्याने विचारलं.

मामांनी धाकटीला जवळ ओढलं आणि एवढंच सांगितलं.

गाडी अजून ताईकडेच दुरुस्तीला येते. बाई एकट्याच फिरतात, शेजारी कुणाला बसवत नाहीत. पण शेजारच्या सीटपुढचं रबरी मॅट दर वर्षी बदलावं लागतं. बाकी सगळं कोरं असतं. फक्त एका जागी, जिथे त्या बाजूला ब्रेक असता तर पाय गेला असता, तिथे पार पत्र्यापर्यंत भोक पडलेलं असतं. बुटाच्या तळाएवढं.