पायांची जागा

"टोचतंय," ऋजुता म्हणाली.

मागे ओट्यापाशी शैलजाताई मेथी निवडत बसल्या होत्या. सुनेचा आवाज ऐकून त्यांनी जुडी तशीच टाकली. "काय टोचतंय? पट्टा काढू का?"

"पट्टा नाही, आई. खडी."

मेहकरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं आणि गाडी नुकतीच कच्च्या वळणरस्त्यावर उतरली होती. शेजारच्या सीटवर बसलेला निनाद बायकोकडे बघतच राहिला. सहा वर्षांत तिच्या तोंडून 'टोचतंय' हा शब्द त्याने ऐकला नव्हता.

ऋजुता गावंडे अकोल्यात मुलींना खो-खो शिकवायची. सहा वर्षांपूर्वी एका टेम्पोने तिच्या स्कूटरला मागून धडक दिली, मणका दुखावला आणि कमरेखालचं सगळं बंद झालं. व्हीलचेअर आली, हातांनी चालवायची गाडीही आली. पण गाडी चालवताना तिला जमिनीचा काही पत्ता लागायचा नाही. "गादीवर बसून पडद्यावरचा रस्ता बघावा तसं वाटतं," असं ती म्हणायची.

या नव्या गाडीचं तसं नव्हतं. दिसायला ती साधं फिरतं घर होती: दोन पलंग, ओटा, न्हाणीघर, छतावर सौरपत्रे. पण तिच्या टायरांच्या रबरात केसासारखे बारीक तंतू विणले होते. दाब, थरथर, ऊन, गारवा, जे काही चाकाला लागेल ते हे तंतू टिपायचे आणि ऋजुताच्या पाठीवरच्या चेतापट्ट्याकडे पाठवायचे. पट्टा ती खबर दुखावलेल्या मणक्याच्या वरच्या नसांमध्ये सोडायचा. पुढची चाकं चवड्यांशी जोडली होती आणि मागची टाचांशी. नाशिकच्या एका संस्थेला चाचणीसाठी कुटुंब हवं होतं. अट एवढीच, की दिवाळीच्या सुट्टीचा पूर्ण आठवडा त्याच गाडीत राहायचं आणि फिरायचं. गाडीला स्वयंचालकही होता. पण अकोला सोडल्यापासून ऋजुताने त्याला सुकाणूला हात लावू दिला नव्हता.

"सावकाश घे मग," शैलजाताई म्हणाल्या. आणि पुन्हा मेथी निवडता निवडता स्वतःशीच, "खडी टोचतेय म्हणे!"

लोणारला मुक्काम झाला. सकाळी सरोवरावर धुकं होतं. शैलजाताईंना मळकी गाडी बघवेना. "घर आहे ना हे? मग दारात एवढा चिखल?" असं म्हणत त्या बादली आणि फडकं घेऊन खाली उतरल्या. ऋजुता पट्टा बांधून चालकाच्या सीटवर चहा पीत होती. एकाएकी ती खिदळायला लागली. कपातला चहा तिच्या अंगावर सांडला.

"आई, थांबा! गुदगुल्या होतायत!"

शैलजाताई फडकं धरून तशाच उभ्या राहिल्या. अपघातानंतर रोज संध्याकाळी त्या सुनेच्या पावलांना तिळाचं तेल चोळायच्या. सांधे आखडू नयेत म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. कळतंय का गं, असं त्यांनी सुरुवातीला विचारलं होतं. नंतर विचारणं सोडलं. चोळणं नाही सोडलं.

त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि ओला तळवा टायरवर टेकवला.

"आता?"

"तुमचा हात आहे."

"कुठला?"

ऋजुताने डोळे मिटले. "उजवा. अंगठी लागतेय."

शैलजाताईंनी बादलीतलं फडकं पिळलं. त्यांनी चारही चाकं धुतली, पुसली, आणि पदराला हात कोरडे करत समोरच्या चहाच्या टपरीवर गेल्या. निनादला त्यांचा खणखणीत आवाज गाडीपर्यंत ऐकू आला. "ती पांढरी गाडी दिसतेय ना? माझी सून चालवते. पायांनी चालवते!"

त्यानंतर जिथे गाडी थांबली तिथे हे वाक्य ऐकू यायला लागलं. पेट्रोलपंपावर, देवळाच्या पायरीवर, भाजीवालीपाशी. ऋजुताला पहिल्यांदा संकोच वाटला. मग ती खिडकीतून हात हलवायला लागली.

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या जंगलाकाठी मुक्काम असताना संस्थेच्या डॉ. नसीमा तडवी यांचा फोन आला. पट्ट्याच्या नोंदी रोज त्यांच्याकडे जात असत.

"ऋजुताताई, खरं सांगा. पट्टा काढल्यावरही काही जाणवतं का?"

ऋजुताने निनादकडे पाहिलं. हे तिने त्यालाही सांगितलं नव्हतं. "काल झोपताना वाटलं, डाव्या मागच्या चाकाला मुंग्या आल्यात. चाकाला! मला हसूच आलं."

डॉक्टर हसल्या नाहीत. "हे इतक्या लवकर होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. तुमच्या मेंदूत पायांची एक जागा आहे. ती सहा वर्षं रिकामी होती. चाकं तिथे राहायला आली आहेत."

"मग चांगलंच की."

"भाडेकरू म्हणून राहिली तर चांगलं. मालक होऊन बसली तर? मणक्यावरचे उपचार आता दूर नाहीत. उद्या तुमच्या पायांत जीव आला आणि मेंदूत त्यांना जागाच उरली नसेल तर काय करायचं? मी सांगते, उरलेला प्रवास स्वयंचालकावर करा."

ऋजुताने स्पीकरवरचा फोन ठेवला. निनाद म्हणाला, "त्या म्हणतात ते ऐकूया. तोरणमाळचा घाट स्वयंचालकाला दे."

"घाट चढण्यासाठीच तर आले ना मी," ऋजुता म्हणाली. "गाडी परत करायला जाताना देऊ त्याला. परवा सकाळी मी चालवणार."

तिचा हा सूर निनादला ओळखीचा होता. मैदानाच्या कडेला उभं राहून ती मुलींना जे सांगायची ते याच सुरात. त्याने पुढे वाद घातला नाही.

शहादा सोडून तोरणमाळचा घाट सुरू झाला तेव्हा ऊन वर आलं होतं. सातपुड्याच्या उतारावर रस्ता वळणं घेत चढत होता. गाडीमागे एस.टी.ची बस होती, बाजाराहून परतणाऱ्या माणसांनी गच्च भरलेली. एका वळणावर ऋजुताने गाडी थांबवली. मग ती हातभर मागे घेतली.

"काय झालं?" निनादने विचारलं.

"पुढे डावीकडे पायाखाली पोकळ लागतंय."

निनादने पडद्यावर पाहिलं. डांबर गुळगुळीत, एक भेग नाही. "रस्ता निर्धोक आहे," स्वयंचालक शांतपणे म्हणाला. "कृपया पुढे चला."

मागून हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. बसचा चालक खाली उतरून खिडकीशी आला. "ओ ताई, घाटात अशी कुठे गाडी लावतात? सरका बाजूला, मी काढतो माझी."

"काढू नका, दादा. खाली जमीन नाहीये."

"रोज जातो मी इथून! तुम्हाला गाडीत बसून कशी दिसली जमीन?"

ऋजुताने सुकाणू फिरवलं आणि गाडी रस्त्यात आडवी लावून टाकली. आता बसला जायला वाटच उरली नाही. बसमधली माणसं ओरडायला लागली. चालक रागाने लाल झाला.

तेव्हा शैलजाताई मागच्या दारातून खाली उतरल्या. "दादा, ओरडू नका. तुमच्याकडे पहार आहे का? असेल तर ठोकून बघा. खोटं निघालं तर मी तुमच्यासमोर हात जोडीन. पण माझ्या सुनेला रस्ता कळतो."

चालकाने बसमधून पहार आणली. निनादने पुढे होऊन ती दरीच्या बाजूला, डांबरावर मारली. तिसऱ्या घावाला पहार हातातून सुटली आणि अख्खी आत गेली. ती कुठे आपटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

चालकाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने धावत जाऊन बस मागे घेतली, सगळ्यांना उतरवलं. ऋजुतानेही गाडी बरीच मागे आणली. डोंगरातल्या पाझराने आतली माती केव्हाच वाहून नेली होती आणि वर डांबराचा नुसता पापुद्रा उरला होता. माणसं कडेला उभी असतानाच तो पापुद्रा खचला. अर्धा रस्ता खाली दरीत गेला. धुळीचा लोट वर आला आणि मग एकदम शांत झालं.

बाजाराची टोपली डोक्यावर घेतलेली एक म्हातारी गाडीपाशी आली, पुढच्या चाकाला तिने हात लावला आणि तोच हात कपाळाला टेकवला. ऋजुताला तो हात लागला. खरखरीत होता. तिने सुकाणूवर डोकं टेकलं आणि ती रडली. बाहेर शैलजाताई सगळ्यांना सांगत होत्या, "सून आहे माझी. खो-खो शिकवायची. अकोल्याची."

तोरणमाळ राहून गेलं. सुट्टीचे उरलेले दिवस त्यांनी तापीच्या काठाकाठाने घालवले आणि मग नाशिकला संस्थेच्या आवारात गाडी उभी केली.

डॉ. तडवी बाहेर वाट बघत होत्या. त्यांनी आधी ऋजुताचे दोन्ही हात हातात घेतले. "घाटातल्या नोंदी आम्ही पुन्हा पुन्हा पाहिल्या. आमचे सगळे कॅमेरे चुकले आणि तुम्ही बरोबर होता. संस्थेने ठरवलंय, गाडी तुम्हाला हवी असेल तर ती तुमचीच." मग त्या जरा थांबल्या. "पण तुम्ही पाटणादेवीला असताना मी फोनवर सांगितलं तेही विसरू नका. अजून महिना-दोन महिने चालवलीत तर चाकं तिथून उठणार नाहीत. आजच सोडलीत तर जागा पुन्हा रिकामी होईल. पायांची वाट बघत."

"आणि पाय आलेच नाहीत तर?" शैलजाताईंनी विचारलं.

डॉक्टरांनी ऋजुताकडे पाहिलं.

निनाद म्हणाला, "तू ठरव. मी दोन्हीला तयार आहे."

ऋजुता अजून चालकाच्या सीटवर होती, पट्टा बांधलेला. आवारातल्या फरशा उन्हाने तापल्या होत्या आणि ती ऊब तिच्या टाचांपासून वर येत होती. तिने समोर पाहिलं. मग खाली, फूटबोर्डवर ठेवलेल्या आपल्या न हलणाऱ्या पावलांकडे.

"डॉक्टर, पाय आणि चाकं दोन्ही एकदम असलेलं माणूस तुम्ही आजवर तपासलंय का?"

"नाही. असं कोणी झालेलंच नाही अजून."

"मग जागा एकच आहे," ऋजुताने विचारलं, "हे तुम्हाला कळलं कसं?"