परवानेदार हाजिर हो

हेरंबा, तू आता वकील झालास म्हणून तुलाच सांगतो. मला कायदा शिकवू नकोस, फक्त ऐक. आणि तो कंदील जरा इकडे सरकव.

मी त्या वेळी डभोईच्या एका व्यापाऱ्याची लॉरी चालवायचो. डभोईत कापसाच्या गाठी भरायच्या, बडोद्यावरून जरोदचा रस्ता धरायचा आणि गोध्र्याला माल टाकून परत यायचं. माझा थोरला भाऊ धनाजीराव याच रस्त्यावर दुसरी लॉरी चालवायचा. आमचे आजोबा गायकवाडांच्या फौजेतले. त्यांची बंदूक दादाच्या नावावर होती, बडोदे सरकारच्या शिक्क्याच्या परवान्यासकट. पण जरोदच्या पुढे इंग्रजी हद्द लागते आणि तिथल्या नाक्यावर आपला परवाना म्हणजे रद्दी. बंदूक त्यांच्याकडे ठेवायची, येताना घ्यायची. नाक्याच्या पलीकडेच खोल कोतरं, म्हणजे नदीच्या घळी, चोरांनी भरलेल्या! जिथे बंदूक लागणार नेमकी तिथेच काढून घ्यायची, हे कोणत्या शहाण्याने ठरवलं असेल? दादाला असाच रिकाम्या हाताने पुढे धाडला. चोरांनी त्याला कोतरात मारला आणि लॉरी कापसासकट जाळली.

आमच्या घरात एक रीत आहे. पुरुष बाहेर पडताना बायकोच्या हातून बंदूक घेतो आणि आला की आधी तिच्या हातात देतो. त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दादा गेल्यापासून येसूवहिनी रोज दिवेलागणीला दाराशी जाऊन उभी राहायची.

“भाऊजी, ते बाहेर उभे आहेत हो,” म्हणायची. “रिकाम्या हाताने आत कसे येतील?”

मला कोणी दिसत नसे. पण जळक्या कापसाचा वास मलाही यायचा. बंदूक घरी आणतोच, असा मी तिला शब्द दिला.

दिला खरा, पण नाक्यावरचा हवालदार ऐकेल तर ना! ज्याचा परवाना त्यालाच बंदूक, भावाला नाही, बायकोला नाही. त्या दिवशी गोध्र्याहून परतताना मी पुन्हा थांबलो. सूर्य बुडाला होता आणि कोतरांतून गार, ओलसर वारा येत होता. हवालदार चौकीत बाजेवर बसून सुपारी कातरत होता.

“परवानेदार को खुद आना पड़ेगा,” तो म्हणाला.

“तो मेलाय!” मी ओरडलो. “तुम्हीच मारलात त्याला!”

तो हसला. उठून दाराशी गेला आणि कोर्टातल्या पट्टेवाल्यासारखा हात तोंडाशी नेऊन कोतराच्या दिशेने ओरडला, “धनाजीराव सुभानराव, हाजिर हो!” एकदा, दोनदा, तीनदा. मला असा संताप आला की त्याचा गळाच धरला असता. दिवेलागणीच्या वेळी मेल्या माणसाला वडिलांच्या नावासकट कोणी हाक मारतं का?

तिसरी हाक विरली आणि कोतरात इंजिन सुरू झालं.

ती दादाची लॉरी होती. तिचा चढावरचा धापा टाकल्यासारखा आवाज मी झोपेतही ओळखला असता. आवाज वर आला, नाक्यासमोर थांबला. रस्ता रिकामा होता. मग जळक्या कापसाचा वास आला, इतका दाट की डोळ्यांत पाणी आलं. हवालदाराने कोणाकडे तरी वर पाहिलं. दादा उंच होता.

“हाँ... आपही की है...” तो पुटपुटला. कपाट उघडून त्याने बंदूक आणि काडतुसांची पिशवी काढली आणि दाराबाहेर दोन्ही हातांनी धरली. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण माझे पाय आपोआप स्वतःच्या लॉरीकडे वळले होते. पाहतो तर शेजारच्या बैठकीवर बंदूक उभी होती, कोणी गुडघ्यांत धरावी तशी. बैठक दबलेली होती.

“दादा, घरी चल,” मी म्हणालो आणि लॉरी सुरू केली.

आता आपलाच बडोद्याचा नाका. तिथे हिंमतराव नावाचा नवा शिपाई लागला होता, आपल्याच लष्करी घरातला. त्याने माझे कागद पाहिले.

“तुम्ही खुशाल जा निरांते, जगदेवराव. पण बाजूला बसलेत त्यांचा परवाना?”

तो पलीकडच्या बाजूला गेला आणि नाव विचारलं. मला उत्तर ऐकू आलं नाही. त्याला आलं असावं.

“धनाजीराव? तुमचा परवाना तर रद्द झालाय, काका. परवानेदार मयत, असं वरून कळवलंय. चूक झाली असेल तर उद्या कचेरीत अर्ज करा. बंदूक मात्र इथे ठेवावी लागेल.”

हेरंबा, माझं डोकंच फिरलं! इंग्रजांचं एक वेळ समजू शकतो. पण आपली माणसं? जिवंत होता तेव्हा परक्यांनी बंदूक काढून घेतली आणि मेल्यावर ती घ्यायला आपले उभे!

“माग की,” मी म्हणालो. “तूच माग त्यांच्याकडे.”

त्याने हात आत घातला. मी तेवढ्यात लॉरी सोडली. मागे ठो असा आवाज झाला. जुनं इंजिन कधी कधी असा आवाज करतं. मी मागे वळून पाहिलं नाही.

प्रतापनगरला दाराशी लॉरी उभी केली. वहिनी उंबऱ्यात दोन्ही हात पुढे करून उभी होती. मी उतरून वळसा घालून येईपर्यंत बंदूक तिच्या हातांवर आलेली होती. तिने अंग चोरून कोणाला तरी आत जायला वाट दिली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं! मग तिने हातांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“भाऊजी,” ती हळूच म्हणाली, “नळी अजून गरम आहे हो...”