बाजूने हं

बाबांचा एक नियम होता. उजेड मागे ठेवून माणसाची नुसती काळी आकृती टिपायची असेल, तर त्याला बाजूने उभं करायचं. नाक, ओठ, हनुवटी वेगवेगळी दिसली पाहिजेत.

"समोरून काढलंस तर तोंड आहे की पाठ, ते कॅमेऱ्याला कळत नाही," ते म्हणायचे. "न कळणाऱ्याच्या हातात माणूस देऊ नये."

चाळीस वर्षं स्टुडिओ चालवून हेच शहाणपण! माझं डोकं फिरायचं. दर्शनी काचेत लावायला नवा फोटो हवा होता आणि बाबांना मोतीबिंदू, म्हणून काम माझ्याकडे आलं. निघताना ते दारापर्यंत आले.

"बाजूने हं."

"हो, आणि कॅमेऱ्याची दृष्टही काढते!" मी म्हटलं. धाकटी बहीण खुदकन हसली.

सूर्य टेकला तेव्हा ती तळ्यात शिरलेल्या दगडी धक्क्यावर मधोमध उभी होती. पाणी आणि आकाश एकाच नारिंगी रंगात विरघळलेलं. शेवाळाचा ओला वास. ती उंच दिसावी म्हणून मी काठावर पालथी पडले. उजेड आकाशाचा मोजला. माणसाचा मोजायचा नसतो. भिंगात तिचे डोळे, हसू, पिवळा कुर्ता सगळं पुसलं गेलं. कात्रीने कापल्यासारखी काळी आकृती तेवढी उरली.

"हात अंगापासून सोड. मधून उजेड दिसू दे."

"बाजूने वळू?"

"अजिबात नाही! अशीच चालत ये माझ्याकडे."

"येतेय की..."

पावलं दगडावर वाजू लागली. जवळ, आणखी जवळ. भिंगात मात्र ती लहान होत होती. धक्का संपला, तरी ती संथपणे लहानच होत गेली, नारिंगी पाण्यावरून. मी बटण दाबत राहिले. ते इतकं सुंदर होतं की घाबरायला मला उशीर झाला.

खांद्यावर हात पडला.

"ताई... झालं?"

धाकटी शेजारी उभी होती. हात कोमट होता. मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. नुसतं पाणी.

घरी बाबांनी फोटो अगदी नाकाशी धरला. "येतेय की जातेय?"

"येतेय," मी तोडून टाकलं.

त्याला महिना झाला. धाकटी जेवते, भांडते, न विचारता माझी ओढणी पळवते. फक्त तिची बाजू मला पुन्हा दिसलेली नाही. कुठूनही बघा, तिचं तोंड आधीच आपल्याकडे असतं. बाबा हल्ली तिला हाक मारत नाहीत.

काचेतल्या फोटोतली आकृती मात्र रोज केसभर मोठी होते. मी पट्टीने मोजते. बाबांना सांगायला मला तोंड उरलेलं नाही.

आज संध्याकाळी फोटोतली ती बाजूने वळलेली दिसली. नाक, ओठ, हनुवटी, सगळं वेगवेगळं. धाकटीचंच नाक. ओठ उघडे होते, हाक मारताना असतात तसे.

"ताई," माझ्या मागून आवाज आला, "उतरव ना आता तो फोटो..."

मी वळले नाही. चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्या इवल्या ओठांसमोर काच आतून धुकटली होती.