स्मारांदाचं पान

पितरांचा शनिवार होता. पाव, मेणबत्ती आणि एक नवं पुस्तक टोपलीत घालून मी शाळेच्या वाचनालयात गेले. विहिरीतल्या मुलीच्या भुताच्या गोष्टीचा तो दुसरा भाग. पहिला माझ्या लेकीनं, स्मारांदानं, इथूनच नेला होता. शेवटच्या दुखण्यात ती सारखी विचारायची, "आई, ती वर येते का गं?" दुसरा भाग निघाला की तुझ्या हातात देईन, असं मी देवमातेपुढे बोलले होते. पुस्तक निघालं, तोवर लेक गेली.

आमच्यात गेलेल्याच्या नावानं दिलेलं त्याला पोहोचतं. घेणाऱ्यानं मात्र 'देव पोहोचवो' म्हणायला हवं. वाचनालयाच्या वेतुरियाबाई पुस्तक बघून अशा हरखल्या, की शिक्का मारून मोकळ्या झाल्या.

"पोरं तुटून पडणार यावर!"

"बाई, ते शब्द राहिले की हो..."

त्यांनी जीभ चावली. "घेणारी शाळा, तिला कुठलं तोंड बोलायला! वाचणाऱ्यालाच म्हणायला लावू."

पहिला नंबर झाम्फिराचा, लेकीच्याच वर्गातली. "काकू, भुताचं पुस्तक भुताला? वेळेवर परत करील ना?"

"तुझ्यापेक्षा लवकर करील," बाई म्हणाल्या.

पोर हसली, मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "स्मारांदाला देव पोहोचवो."

बाहेर बर्फावर सांज उतरत होती. मी लावलेल्या मेणबत्तीचा वास खोलीत होता. झाम्फिरा मनातच वाचू लागली. तिनं पान उलटलं. सळसळ झाली... आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा झाली. पुस्तक तर तसंच होतं.

पुढच्या पानालाही तसंच. मेणबत्तीची ज्योत पुस्तकाकडे झुकलेली.

"काकू... माझ्या मागून कुणीतरी वाचतंय."

माझ्या अंगावर काटा आला, पण डोळे भरून आले. स्मारांदा सावकाश वाचायची. एकेक ओळ चघळत.

"थांब गं जरा," मी म्हटलं. "तिचं पान होऊ दे."

आता सगळीच पोरं थांबतात. एकानं उलटायचं, दुसरी सळसळ ऐकायची, मगच पुढे जायचं. वाचनालयात बसायला जागा नसते. शेवटच्या पानावर ती मुलगी वर येते; तिथली दुसरी सळसळ ऐकली, तेव्हा मी देवमातेचे पाय धरले. माझा शब्द पुरा झाला.

तिसरा भाग अजून लिहूनच व्हायचाय, असं बाई सांगतात. त्यांनी कपाटात दुसऱ्याशेजारी त्याच्यासाठी जागा सोडून ठेवली आहे.

काल सांजेला पोरं गेल्यावर मी कपाट पुसत होते. त्या रिकाम्या जागेतून सावकाश एक पान उलटल्याची सळसळ आली.